पोलीस चारित्र्य पडताळणी दाखला : कुपवाडच्या एका लघुउद्योजकाचा अभिप्राय

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे मशिन शॉप आहे. पंप आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग आम्ही टर्निंग करून, म्हणजे लेथवर कातून देतो. ज्या मोठ्या कंपन्यांना हा माल जातो, त्यांची अट अशी असते की कामावर घेतलेल्या प्रत्येक माणसाचा पोलीस चारित्र्य पडताळणी दाखला फाइलला असलाच पाहिजे. त्यामुळे नवा ऑपरेटर, हेल्पर किंवा रात्रपाळीचा वॉचमन आला की या सेवेशी आमची गाठ पडतेच. तिच्याविषयी चांगले सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते मी आधी सांगणार आहे, कारण त्यानंतर जे लिहायचे आहे ते गंभीर आहे आणि ते रागाच्या भरात लिहिले आहे असे कोणाला वाटू नये.

अर्ज ऑनलाइन भरता येतो. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि कंपनीचे पत्र अपलोड करून शुल्क भरले की अर्ज क्रमांक मिळतो आणि पुढे अर्ज कोठे पोहोचला हे घरबसल्या पाहता येते. अर्जदाराच्या राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यात कागद तपासले जातात, सीसीटीएनएस या देशभरातील ठाणी जोडणाऱ्या संगणक प्रणालीत त्याच्या नावावर गुन्हा आहे का हे पाहिले जाते, आणि अहवाल जिल्हा कार्यालयात गेल्यावर दाखला तयार होतो. हस्तलिखित अर्ज घेऊन टेबलामागून टेबल फिरण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही सुधारणा किती मोठी आहे हे वेगळे सांगायला नको. आमच्या बहुतेक कामगारांचे दाखले कोणतीही कटकट न होता मिळाले, आणि कोणी चिरीमिरी मागितल्याचा अनुभव आम्हाला आला नाही. संगणकाच्या पडद्यावरच्या भागाला मी पाचपैकी चार गुण देईन. अपलोड करताना फाइलचा आकार मोठा झाला की अर्ज अडकतो, एवढीच तक्रार.

ठाण्यातल्या भागाला मात्र एकच गुण द्यावा की चार द्यावेत हे अर्जदार कोणत्या घरात जन्मला यावर ठरते, आणि माझा सगळा आक्षेप याच ठिकाणी आहे.

गेल्या वर्षी आम्ही दोन तरुणांना एकाच वेळी घेतले. दोघेही आयटीआयमधून टर्नर ट्रेड केलेले, दोघांचे पत्ते एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीतले, दोघांना दिलेले कंपनीचे पत्र नाव वगळता शब्दशः सारखे. एक गावठाणातला आणि दुसरा गावाबाहेरच्या पारधी वस्तीवरचा. वस्तीवरच्या मुलाची चाचणी मी स्वतः घेतली होती. पितळी बुश टर्निंगला दिल्यावर त्याने मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचे साधन, हातात घेतला, त्याच्या दोन तोंडांमध्ये कागदाचा कपटा धरून हलकेच ओढून घेतला, म्हणजे चिकटलेली धूळ-तेल निघून जावे, मग शून्य जुळते का ते पाहिले आणि त्यानंतरच मापाला हात घातला. पंधरा-वीस वर्षे मशिनवर उभी असलेली माणसेही हे करायचा कंटाळा करतात. असा मुलगा हातचा जाऊ द्यायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवले.

गावठाणातल्या मुलाला ठाण्यातून बोलावणे आले, त्याचे आधार कार्ड पाहिले, सही घेतली आणि तो दुपारच्या आत कामावर परत आला. वस्तीवरच्या मुलाला मात्र प्रथम बाहेरच्या बाकावर बसवून ठेवण्यात आले आणि नंतर एका कोऱ्या कागदावर त्याच्या नातलगांची यादी लिहून घेण्यात आली. बाप कुठे असतो, चुलते किती, मामा कोणत्या वस्तीवर, थोरल्या बहिणीला कुठे दिली, मेहुणा काय करतो. अर्जाच्या नमुन्यात यातले काहीही विचारलेले नाही. मोबाइलवर त्याचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढले. संगणकात त्याच्या नावावर काहीही निघाले नाही, जसे पहिल्या मुलाच्या नावावरही निघाले नव्हते. तरीही त्याला सांगण्यात आले, "दर आठवड्याला येऊन तोंड दाखवून जा, मग बघू."

अर्ज असा लोंबकळत असतानाच शेजारच्या गावात एक घरफोडी झाली आणि वस्तीवरच्या इतर काही जणांबरोबर यालाही सकाळी उचलून नेण्यात आले. घरफोडी झाली त्या रात्री तो आमच्याकडे दुसऱ्या पाळीला होता आणि पाळी संपल्यावर तातडीच्या ऑर्डरसाठी पहाटेपर्यंत थांबला होता. हजेरी आमच्याकडे बोटाच्या ठशावर होते. तिची छापील प्रत घेऊन मी ठाण्यात गेलो. संध्याकाळी त्याला सोडले. त्याला आणल्याची नोंद स्टेशन डायरीत केली होती का, असे मी विचारले, तेव्हा "चौकशीला बोलावलं होतं, अटक कुठं केली?" एवढेच उत्तर मिळाले. दिवसभर बसवून ठेवलेल्या माणसाचा तो दिवस कोणत्याही कागदावर नाही, आणि कागदावर नाही म्हणून त्याची जबाबदारीही कोणाची नाही.

ज्या हवालदारांकडे पडताळणीचे काम होते ते तसे वाईट गृहस्थ नव्हते. मला त्यांनी खुर्ची दिली, नीट बोलले. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण सांगलीत हे बोलणे अनेकांच्या तोंडी असते. "साहेब, उद्या ह्यानं काय केलं तर दाखला कुणी दिला म्हणून आमचीच मान धरणार. आणि ह्यांच्यातल्या लोकांनी बी जरा स्वतःची जबाबदारी घ्यायला पाहिजे का नको?"

घ्यायलाच पाहिजे. वैयक्तिक जबाबदारी या तत्त्वावर माझा पूर्ण विश्वास आहे. आमच्या शॉपमधून टंगस्टन इन्सर्टच्या, म्हणजे धातू कापायच्या टोकांच्या, डब्या आणि पितळेचे भंगार चोरीला गेलेले आहे आणि ज्याने चोरी केली त्याला शिक्षा व्हावी, यात मला जराही संकोच वाटत नाही. पण हा मुलगा आयटीआय करून, पहाटे उठून, सायकलवरून कुपवाडला येऊन, शासनाच्या संकेतस्थळावर स्वतःचे नाव, बोटांचे ठसे जोडलेले आधार आणि पत्ता देऊन, माझी पडताळणी करा असे स्वतः होऊन सांगत होता. आपल्या वर्तनाची जबाबदारी घेणे म्हणजे याहून वेगळे काय असते? त्याने स्वतःविषयी उत्तर द्यायची तयारी दाखवली आणि त्याला विचारण्यात आले ते मामा-मेहुण्यांविषयी. माणसाने काहीही केले तरी त्याचा हिशेब जर जन्मावरूनच होणार असेल, तर सरळ वागणाऱ्याला सरळ वागल्याचे फळ नाही आणि वाकडे वागणाऱ्याला वेगळी शिक्षा नाही. जबाबदारीचे तत्त्व असे ठाण्याच्या बाकावरच मोडून पडते, आणि ते मोडणारे लोक तेच तत्त्व दुसऱ्याला सांगत असतात.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण घ्या. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागातल्या द्राक्ष बागायतदारांना परगावचे व्यापारी हंगामात माल उचलून, पैसे बुडवून पळून गेल्याचा अनुभव वर्षानुवर्षे येतो आहे. एका बागायतदाराचे त्यात जेवढे नुकसान होते, तेवढे कित्येक घरफोड्यांत मिळूनही होत नाही. गुन्हा दाखल होतो तो त्या व्यापाऱ्यावर. त्याच्या जातीच्या सगळ्या व्यापाऱ्यांना आठवड्याला ठाण्यात येऊन तोंड दाखवा असे कोणी सांगत नाही आणि सांगूही नये. त्या व्यापाऱ्याला जो न्याय आपण सहज लावतो, म्हणजे ज्याने केले त्याने भोगावे, तोच न्याय वस्तीवरच्या मुलाला लावा, एवढीच मागणी आहे.

ही सवय कोठून आली हे सर्वांना ठाऊक असले तरी तारखांसकट सांगायला हवे. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर लागू होत गेला. ठरावीक जमातीत (पारधी त्यांतलेच) जन्मलेल्या माणसाची नोंद, त्याची हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी, असे त्याचे स्वरूप होते. आपल्या शेजारी सोलापूरला काटेरी तारेच्या कुंपणात वसवलेली सेटलमेंट याच कायद्याची. ते नाव त्या भागाला आजही आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर आपल्याकडे १९५९ चा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. त्यात निदान कागदावर तरी जमात नाही; त्या व्यक्तीला स्वतःला न्यायालयाने पुन्हा पुन्हा शिक्षा झालेली असावी लागते. तरीही प्रत्यक्षात तो विमुक्त जमातींच्याच मागे लागतो, या कारणाने वंशभेद निर्मूलनासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ मध्ये भारताला सराईत गुन्हेगारांचे कायदे रद्द करण्याची शिफारस केली होती. नावावर काहीही नसलेल्या माणसाला 'दर आठवड्याला तोंड दाखवून जा' असे सांगणारे वाक्य आजच्या कोणत्याही कायद्यात नाही. ते १८७१ च्या कायद्यातले आहे, आणि मागील पिढीच्या हवालदाराकडून पुढच्या पिढीच्या हवालदाराकडे ते तोंडी चालत आले आहे.

वंशभेद म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. मे २०२० मध्ये मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलीस अधिकाऱ्याने मानेवर गुडघा दाबून धरल्याने मृत्यू झाला, तेव्हा सांगलीतही अनेकांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ फिरला होता आणि सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली होती. त्या देशातली एक गोष्ट आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात रस्त्यावर संशयावरून लोकांना थांबवण्याची ४४ लाखांहून अधिक प्रकरणे केली. थांबवलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वंशाचे) होते, आणि ८८ टक्के प्रकरणांत पुढे काहीही कारवाई झाली नाही. अंगझडतीत शस्त्र सापडण्याचे प्रमाण अवघे दीड टक्का होते. २०१३ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने ही पद्धत ज्या प्रकारे राबवली गेली ती घटनाबाह्य ठरवली. हे आकडे न्यायालयात मांडता आले, कारण प्रत्येक वेळी माणूस थांबवला की पोलिसाला एक फॉर्म भरावा लागत होता. आपल्याकडे आमच्या मुलाचा तो दिवस कोणत्याच फॉर्मवर नाही. त्यामुळे चौकशीला नेलेल्या शंभरांतले किती निर्दोष होते, हा प्रश्न आपल्याला विचारताच येत नाही.

आणि चुकीच्या माणसाला धरल्याने खरा गुन्हेगार मोकळा राहतो, हे विसरता कामा नये. नाशिक जिल्ह्यात जून २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा, खून आणि बलात्काराचा भयंकर प्रसंग ओढवला. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना त्यात धरण्यात आले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच सुनावली, आणि त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी पूर्वीचा निकाल मागे घेऊन सर्वांची निर्दोष मुक्तता केली. प्रत्यक्षदर्शी स्त्रीने सुरुवातीला पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या चौघांचा तपासच झाला नाही, हे न्यायालयाने नोंदवले. १६ वर्षे तुरुंगात गेल्यानंतर प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आणि चुकीचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश झाला. त्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही, ही बाजू आपण फारशी बोलत नाही. पोलिसांनी थोडे कडक असावे असे म्हणणाऱ्या माझ्या उद्योजक मित्रांनी हा निकाल अवश्य समजून घ्यावा, कारण जन्मावरून चालणारा तपास आपल्या मालमत्तेचेही रक्षण करत नाही.

आमच्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. आम्ही कोणाची ओळख लावली नाही. मुलाच्या सहीने एक साधा लेखी अर्ज दिला. कोणत्या गुन्ह्याच्या किंवा कोणत्या नोंदीच्या आधारे पडताळणी थांबली आहे ते लेखी कळवावे, आणि नातलगांची यादी व फोटो कोणत्या नियमाखाली घेतले तेही कळवावे, असे त्यात होते. सोबत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांचा उल्लेख केला. मे २०२४ मधला पहिला निकाल दिल्लीतल्या हिस्टरी शीटविषयीचा, म्हणजे पोलीस एखाद्या माणसावर नजर ठेवण्यासाठी त्याची जी नोंद ठेवतात तिच्याविषयीचा आहे. त्यात मागास आणि वंचित समाजातल्या निरपराध माणसांच्या नोंदी केवळ त्यांच्या पार्श्वभूमीमुळे यांत्रिकपणे होऊ नयेत आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने अशा नोंदींची वेळोवेळी तपासणी करावी, असे सांगून सर्व राज्यांना लक्ष घालायला लावले आहे. दुसरा निकाल ३ ऑक्टोबर २०२४ चा. तुरुंगांतल्या जातिभेदाविषयीच्या त्या निकालात कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश आहे, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी पोलिसांनी घ्यावी, असा स्पष्ट निर्देशही आहे.

अर्ज आवकला लागला, पोच मिळाली, आणि ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांनी मुलाला बोलावून घेतले. त्यांनी त्याला बसायला सांगितले, संगणकावरचा शोध त्याच्यासमोर पुन्हा केला, नातलगांची यादी असलेला कागद फाइलमधून काढून टाकायला लावला आणि अहवालावर सही केली. त्यांनी केलेले काम नियमातले होते आणि त्यासाठी लागलेला वेळ एका चहाइतकाही नव्हता. या अधिकाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो. त्यांच्या हाताखालच्या माणसाला उद्या 'दाखला कोणी दिला' असे विचारले गेलेच, तर 'नोंद पाहून दिला' हे उत्तर पुरेसे आहे, हे त्यांनी कृतीने दाखवले. हवालदारांची भीती खरी होती, हे मी मान्य करतो. मनुष्यबळ कमी, बंदोबस्त सततचा, आणि काही बिघडले की खापर सर्वांत खालच्या माणसावर. पण त्या भीतीचा भार वस्तीवरच्या मुलाने का वाहायचा?

दोष एकट्या पोलिसांचा मानणेही बरोबर होणार नाही. 'वस्तीवरची पोरं पाठवू नका' असे लेबर कॉन्ट्रॅक्टरला फोनवर सांगणारे कारखानदार आपल्या वसाहतीत आहेत, मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामांना वॉचमन ठेवतानाही हेच चालते. आपल्या तोंडून निघालेला तो संशय ठाण्यात फिर्याद म्हणून जातो. चोरी झाली की पहिल्या दमात कोणाकडे बोट दाखवायचे हे फिर्यादी स्वतःच ठरवून येतो, आणि तपासाची दिशा तिथेच चुकते. दाखला मागणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही हेच विचारायला हवे, की दाखल्याला उशीर झाला म्हणजे तो माणूस संशयास्पद, असे त्यांचे एचआर विभाग का धरून चालतात. आमच्या मुलाच्या बाबतीत एका कंपनीने उशिराचे कारण न विचारताच त्याला त्यांच्या कामावरून काढायला सांगितले होते. आम्ही काढले नाही. त्याला दुसऱ्या ग्राहकाच्या कामावर लावले.

ही सेवा घेणाऱ्या उद्योजकांना आणि विशेषतः विमुक्त, भटक्या आणि आदिवासी समाजातल्या अर्जदारांना काही उपयोगाच्या गोष्टी सांगतो. अर्जाची आणि जोडलेल्या कागदांची छापील प्रत जवळ ठेवा. ठाण्यात अर्जाबाहेरची माहिती मागितली तर ती लेखी मागणीवर देऊ असे शांतपणे सांगा. शक्यतो मालकाने किंवा सुपरवायझरने सोबत जावे, निदान पहिल्या वेळी तरी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांची यादी, प्रत्येकीची मुदत आणि अपील कोणाकडे करायचे हे कार्यालयातल्या फलकावर लावलेले असले पाहिजे, तो फलक वाचा. सेवा नाकारली किंवा मुदत उलटली तर ३० दिवसांत पहिले अपील, त्यावर समाधान न झाल्यास दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला, ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्याला स्वतःला भरावा लागतो. वैयक्तिक जबाबदारीची तरतूद या कायद्याने टेबलाच्या त्या बाजूलाही करून ठेवली आहे. ती वापरली मात्र जात नाही.

चौकशीसाठी नेले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची नोटीस मागावी. अटक असेल तर तिची कारणे सांगणे, पंचनामा करणे, नातलगाला कळवणे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे हे पोलिसांवर बंधनकारक आहे. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फासेपारधी आपल्या राज्यात अनुसूचित जमातीत येतात, हे आमच्या मुलालाही माहीत नव्हते. आणि कंपन्यांनी कामगाराला पत्र देताना त्यात त्याच्या पाळीच्या वेळा आणि आपला संपर्क क्रमांक जरूर लिहावा. हजेरीच्या छापील प्रतीमुळे आमचा माणूस संध्याकाळी सुटला. त्याच्याबरोबर नेलेल्या बाकीच्यांकडे असा कागद नव्हता, आणि मी ठाण्यातून निघालो तेव्हा ते आतच होते.